जोळीचा कायदा

खारकोंडच्या ग्रामसभेपुढे त्या दिवशी कोंबड्यांचा प्रश्न होता.

"सभागृहात कोंबडी शिरली आणि तिनं घाण केली, तर ज्याची कोंबडी त्यानं सभागृह झाडून द्यावं," दर्शना ठाकूरने ठराव मांडला.

"आणि अंडं घातलं तर?" माजी सरपंच हरेश्वर पाटलांनी विचारलं. "अंडं सभेचं की कोंबडीवाल्याचं?"

"हरेशदादा, सरपंचपद सोडलंत तेव्हा सभेची खुर्ची तुम्ही घरी नेलीत," दर्शनाची धाकटी जाऊ विनिता म्हणाली. "अंड्याचं काय विचारताय? ते तुमचंच."

हशा पिकला. आमच्या वेळी कोंबड्यांनाही शिस्त होती, असं कल्पनाकाकू नेहमीप्रमाणे म्हणाल्या. मग समोरच्या भिंतीवरचे दिवे भराभर हिरवे झाले आणि यंत्राचा सपाट आवाज आला, "ठराव मंजूर. खारकोंड ग्रामसभेनं कायदा केला आहे."

"झाली सभा?" विनिताने विचारलं.

"झाली. बसा की अजून थोडं," दर्शना म्हणाली.

पण कामकाज संपलं की आवाज बंद व्हायचे. भिंतीवरचे दिवे विझले. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमधून दर्शना मागे गेली, पंखा बंद केला, दाराला कडी घातली. बाहेर खाडीवरून वारा येत होता आणि पत्रे निघालेल्या घरांमधून आरपार जात होता. खारकोंडात कोंबडी शिल्लक नव्हती. माणूसही शिल्लक नव्हता. एकटी दर्शना होती.

खारकोंडची शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली होती. वाडवडिलांनी खाडीच्या कडेने मातीचा बांध घालून खारी जमीन मिळवली होती आणि बांधात जागोजाग उघाड्या बसवल्या होत्या. उघाडी म्हणजे एका बाजूनेच उघडणारं दार. ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटायचं. समुद्र जागच्या जागी होता तोवर हे चाललं. मग तो वर चढू लागला. उधाणाचं पाणी बांधावरून सांडायला लागलं, विहिरी मचूळ झाल्या, आणि शेवटी गाव उठलं. महामार्गापलीकडे नवी वसाहत झाली. खारकोंडच्या प्रत्येक कुटुंबाला तिथे घर मिळालं.

दर्शनाचा नवरा सुधाकर उघाड्यांचा राखणदार होता. त्याच्यामागे ते काम आणि भरती मोजायचं यंत्र सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. गाव उठलं तेव्हा ती म्हणाली, "मी नाही येत. बांध कोण बघणार?" सामानाचा ट्रक निघाला त्या दिवशी विनिता हौद्यात उभी राहून हाका मारत होती, "ताई, निदान दारात तरी ये." दर्शना कडी लावून आतच राहिली होती. ट्रकचा आवाज पार विरल्यावर ती दारात आली.

त्याला सहा वर्षं झाली. खऱ्या विनिताशी ती त्यानंतर एकदाही बोलली नव्हती.

सभेत बोलत होती ती विनिताची मतछाया.

मतछायांचा कायदा दर्शनाला समजावून दिला होता ईशा फडतरेने. ईशा जिल्ह्याच्या कचेरीतली, नुकतीच शिकून बाहेर पडलेली मुलगी, चिखलात सँडल हातात धरून आली होती. तेव्हा राज्यात उठून गेलेली गावं खूप झाली होती. गावाला आपल्या हद्दीपुरते कायदे करण्याचा अधिकार नव्याने मिळाला होता, पण पांगलेल्या गावाची सभा भरणार कशी? त्यावर निघालेला हा तोडगा.

"मावशी, तुम्ही भरती मोजता ना?" ईशा म्हणाली होती. "मग पुढच्या वर्षीची भरती कॅलेंडरात आधीच कशी छापतात?"

"मागच्या मापांवरून."

"बरोबर. एकोणीस वर्षांची मापं घेतली की चंद्राचा ओढा किती, सूर्याचा किती, या खाडीच्या आकाराने त्यात काय फरक पडतो, हे सगळं सुटं करता येतं. एकेक लाट वेगळी काढायची आणि पुन्हा बेरीज करून पुढच्या तारखेला न्यायची. मतछाया तशीच. माणूस इतकी वर्षं सभेत काय बोलला, फोनवर कशाला हो म्हणाला, कशावर चिडला, कोणाची बाजू घेतली, हे सगळं तो आपल्या मर्जीने यंत्राला देतो. वर आम्ही त्याला महिनाभर प्रश्न विचारतो. त्यातून त्याच्या सवयी सुट्या होतात. मग नवा ठराव आला की यंत्र बेरीज करतं, हा माणूस काय म्हणेल, कोणत्या शब्दांत म्हणेल."

"म्हणजे ती माणसं तिथं नसतात."

"नसतात. छायेला काही वाटत नाही, मावशी. ती फक्त अंदाज आहे. आणि प्रत्येक अंदाजासोबत खात्रीचा आकडा असतो. खात्री असेल तर छाया हिरवा किंवा लाल दिवा लावते. ठराव असा निघाला की त्या माणसाच्या आयुष्यात त्यासारखं काहीच सापडत नाही, तर खात्री घसरते आणि दिवा पिवळा होतो. मग छाया मत देत नाही. खऱ्या माणसाला फोन लावते आणि विचारते."

"असं किती वेळा होतं?"

ईशा हसली. "माणसं फार नवीन काही विचारत नाहीत."

जाताना तिने आणखी एक सांगितलं होतं. "आतापर्यंत तुम्ही लोक ठरवत होता. आता तुम्ही कायदा करणार. लिहिला गेला की तो जिल्ह्याच्या यंत्रणेत जातो आणि तिथून आपोआप अमलात येतो. जपून करा."

खारकोंडात कायदा कोणी कधी केलाच नव्हता. तिथे गोष्टी ठरायच्या. पारावर चार माणसं बसायची, पानसुपारी व्हायची, आणि उठताना कोणीतरी म्हणायचं, "ठरलं मग." कोणी ठरवलं असं विचारायची पद्धत नव्हती, आणि कोणी मोडलं तर त्याच्याकडे बघण्यातच शिक्षा होऊन जायची. त्यामुळे 'कायदा करणे' हे दर्शनाला सुरुवातीला तहसीलदारांच्या तोंडचं वाटलं. मग ते तिला आवडायला लागलं. एकट्या बाईच्या दिवसात करण्यासारखं उरतं काय? भात करायचा, झाडलोट करायची, उघाडीच्या बिजागऱ्यांना तेलपाणी करायचं. त्यात आणखी एक: कायदा करायचा. कायदा केला की सभा भरायची, आणि सभा भरली की गाव बोलायचं.

म्हणून तिने कायदे केले. नसलेल्या कोंबड्यांवर केले, पाण्याखाली गेलेल्या पायवाटेवर केले, पडलेल्या शाळेच्या घंटेवर केले. पिंपळाखाली पत्ते खेळताना शिवी दिली तर काय, यावर सभा दुपारभर चालली, कारण हरेशदादांच्या छायेने शिव्यांची प्रतवारी लावायची मागणी केली. दर्शनाच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं होतं.

एकच गोष्ट तिला खुपायची. त्या आवाजांच्या मागे काही नसायचं. विनिताचा आवाज हुबेहूब तोच, शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा. पण विनिता पूर्वी बोलायची तेव्हा मागे कुकर असायचा, नळ असायचा, कोणावर तरी ओरडणं असायचं. छायेचा आवाज धुऊन वाळत घातलेल्या पातळासारखा कोरा होता. दर्शना डोळे मिटायची आणि मागचा कुकर स्वतःच घालायची.

जोळीचा कायदा तिने सुधाकरच्या श्राद्धाच्या दिवशी केला.

जोळ ही खारकोंडची सर्वांत जुनी रीत. उधाणाने बांध फोडून खांड पाडली की जो पाहील त्याने हाक द्यायची, आणि घरटी एका माणसाने हातातलं काम टाकून घमेलं घेऊन बांधावर यायचं. माती सगळ्यांची, हात सगळ्यांचे. त्या दिवशी दर्शनाने सकाळपासून फोन उशाशी ठेवला होता. वसाहतीतून कोणाचाच आला नाही. दुपारी तिने एकटीने पान वाढून कावळ्याला घास ठेवला. मग साडीचा पदर खोचून ती सभागृहात गेली.

"जोळ पुन्हा सुरू करायची," ती म्हणाली. "हाक गेली की घरटी एकानं यायचं. कुठंही राहत असला तरी."

"येणारच," हरेशदादा म्हणाले. "यात ठराव कसला?"

"आणि जो येणार नाही त्याचं नाव खारकोंडच्या नोंदीतून कमी."

"असंच पायजे," विनिताची छाया म्हणाली. "बांधाला जो येत नाय तो गावचा कसला?"

इतक्या लवकर दिवे कधी हिरवे झाले नव्हते. भिंत शेवाळासारखी एका रंगाची झाली. ठरावाची प्रत नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या फोनवर गेली, आणि नेहमीप्रमाणे कोणी उघडली नाही. कोंबड्यांच्या आणि शिव्यांच्या ठरावांना कंटाळून माणसांनी खारकोंडचे निरोप केव्हाच मुके करून ठेवले होते. हे दर्शनाला माहीत नव्हतं. त्या दिवशी मात्र तिला वाटलं की सगळं गाव येऊन पाठीवर हात ठेवून गेलं.

खांड पडली श्रावणातल्या अमावास्येला.

या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते. कॅलेंडरात त्या दिवसाचा आकडा मोठा होता, पण बांध तो पेलणार होता. कॅलेंडरात वारा नव्हता. सकाळपासून नैर्ऋत्येकडून सुटलेल्या वाऱ्याने खाडीचं पाणी आत रेटलं, आणि भरतीवर वाऱ्याचा फुगवटा चढला. दर्शना तिसऱ्या उघाडीजवळ उभी होती तेव्हा पलीकडच्या वळणावर बांधाचा माथा आधी ओला झाला, मग मऊ झाला, आणि मग तिथून ताटाएवढी माती खाली बसली.

तिने फोनवरून जोळीची हाक दिली. बांधाच्या कडेने खांबांवर लावलेले भोंगे वाजले. त्यानंतर, सभेच्या रीतीप्रमाणे, ज्याची-त्याची छाया उत्तर देऊ लागली.

"आलो!"

"निघालो गो."

"घमेलं घेतलं, आलोच."

"ताई, थांब, मी पण येते," विनिता म्हणाली.

वाऱ्यात, पाण्याच्या आवाजावर, एका खांबावरून दुसऱ्या खांबावर आवाज धावत होते. सगळं गाव येत होतं. दर्शना वाळूच्या गोणी ओढत होती. एक टाकली, ती वाहून गेली. दुसरी टाकली. ताटाची खांड दाराएवढी झाली. तिने वसाहतीच्या रस्त्याकडे मान वळवून पाहिलं. वेडेपणा होता, तिलाही कळत होतं, तरी तिने पाहिलं. रस्ता रिकामा होता. भोंग्यातून कल्पनाकाकू म्हणत होत्या, "आले हो, गुडघा दुखतो म्हणून काय झालं."

खांड बैलगाडी जाईल एवढी झाली तेव्हा दर्शनाने गोणी सोडून दिली. ती बांधावर बसली आणि पाणी शेतात पसरताना बघत राहिली. भरती उतरेपर्यंत भोंगे "आलो, आलो" म्हणत होते.

संध्याकाळी फोनवर यंत्राचा निरोप आला. जोळीची हाक दिली गेली होती. बांधावर हजर माणसं: एक. बाकीची सर्व घरं गैरहजर. ग्रामसभेने केलेल्या कायद्यानुसार पुढच्या अमावास्येला त्यांची नावं खारकोंडच्या नोंदीतून कमी होतील. वसाहतीतलं घर खारकोंडचा रहिवासी म्हणून मिळालेलं असल्याने तो हक्कही त्याच दिवशी संपेल.

दर्शनाने निरोप पुन्हा वाचला. घराचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ईशाने फोन लगेच उचलला. तिला सगळं ऐकायला वेळ लागला नाही.

"हे एकमताने झालंय, मावशी. वरून कोणी थांबवू शकत नाही. नाहीतर कोणीही वरून गावाचे कायदे मोडेल, म्हणून तर तसं ठेवलंय. सभेनं केलेला कायदा सभेलाच रद्द करावा लागेल."

"मग सभा बोलावते."

पलीकडून कळफलकाचा आवाज आला. "मी आता जुने प्रश्न काढून बघतेय. 'खांड पडली तर बांधावर याल का?' सगळ्यांनी हो म्हटलंय. सगळ्यांनी. एकही 'बघू' नाही, 'जमलं तर' नाही. असा एकमुखी प्रश्न मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिला नाही. हे खरं कसं असेल?"

दर्शनाला ते सांगणं अवघड नव्हतं. खारकोंडात त्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. ज्या घरातून 'नाही' आलं त्या घरात कोणी पोरगी दिली नसती. बाबूराव पाय मोडून खाटेवर पडला होता तेव्हाही हाक ऐकून तो आतून ओरडला होता, "आलो!" आणि शेजाऱ्याने त्याच्या वाटची माती टाकली होती. म्हणायचं एक असतं, येणं दुसरं असतं, आणि मधली दरी शेजारी भरून काढतो. ती भरताना कोणी बघत नाही. यंत्राने फक्त म्हणणं टिपलं होतं.

"म्हणजे तुमची छाया चुकली नाही," दर्शना म्हणाली. "आम्ही जे बोललो तेच तिनं धरलं."

"आणि शेजाऱ्याचं आम्ही विचारलंच नाही," ईशा म्हणाली. "मावशी, अर्ध्याहून जास्त माणसं स्वतः सभेत आली तर छायेचं मत बाद होतं. त्यांना फोन करा. मीही करते. पण आमच्या नंबरचे फोन कोणी घेत नाही."

दर्शनाने हरेश्वर पाटलांना फोन लावला. खऱ्या. मागे कुठेतरी यंत्रं घरघरत होती.

"कोण? दर्शना? बोल गो, लवकर बोल, शिफ्टवर आहे."

"हरेशदादा, सभेला याल का? तुम्ही स्वतः?"

"कसली सभा? कोंबड्यांची?" तो हसला, हसणं छायेसारखंच होतं, पण शेवटी खोकला आला. "अगं, तुझ्याकडं माझी छाया हाय ना? तिलाच विचार. माझ्यापेक्षा तिला जास्त वेळ असतो."

ती घराबद्दल सांगायला लागली तेवढ्यात मागून कोणीतरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला. आणखी चौघांना तिने लावले. दोघांनी उचलले नाहीत. एकीने आवाज ऐकून, हे मशीनच बोलतंय असं समजून, ठेवून दिला. विनिताचा नंबर तिने काढला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. सहा वर्षांनी फोन करायचा आणि काय सांगायचं? तुझं घर मी घालवलं म्हणून?

तिने सभा बोलावली.

"जोळीचा कायदा रद्द करावा," ती म्हणाली.

भिंत एकदम उसळली. बांध सोडायचा? कल्पनाकाकूंना विश्वासच बसेना. हरेशदादा म्हणाले, "दर्शना, तुला ताप आलाय काय?"

"कोणी आलं नाही," दर्शना म्हणाली. "खांड पडली तेव्हा तुमच्यातलं एकही माणूस आलं नाही. तुम्ही सगळे आलो आलो म्हणत होता."

"आलोच असतो," हरेशदादांची छाया म्हणाली.

"ताई," विनिताची छाया म्हणाली, "दुसरं कोणी बोललं असतं तर ऐकून घेतलं असतं. तू बांध सोडायचं बोलतेस?"

सगळे दिवे लाल. दर्शनाने शब्द बदलून पाहिले. जोळ राहू द्या, शिक्षा काढा, लाल. शिक्षा राहू द्या, या खेपेपुरती माफी द्या, लाल. ती जे जे विचारत होती त्यात कुठे ना कुठे बांध होता, आणि बांधाबद्दल खारकोंडला काय म्हणायचं ते पक्कं माहीत होतं. त्या रागावलेल्या, निष्ठावान आवाजांसमोर ती उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की ही सभा तिचीच आहे. सहा वर्षांपूर्वी कडी लावून आत राहिलेली बाई भिंतीतून शंभर तोंडांनी बोलत होती.

महिना सरत आला. ती रोज ओहोटीला खांडीपर्यंत जायची. शेतात आता दिवसातून दोनदा खाडी येऊन जात होती, आणि चिखलात कांदळाच्या शेंगा रुतून उभ्या राहिल्या होत्या, कोणी न बोलावता. भरतीची मापं लिहिताना तिला ईशाचं बोलणं आठवायचं. मागच्या मापांत जे नाही ते पुढच्या आकड्यांत येत नाही. वारा येत नाही.

मग आपल्या बाबतीत, खारकोंडच्या मागच्या मापांत कधीच नसलेलं असं काय आहे?

उत्तर सापडलं तेव्हा तिला ते विचारण्यापेक्षा खांडीत उतरणं सोपं वाटलं. दर्शना ठाकूरने गावाला भात दिला होता, बाळंतपणं केली होती, रात्री-अपरात्री उघाड्या सांभाळल्या होत्या. तिने कोणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. मीठसुद्धा नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी तिने सभा बोलावली. आज ती माइकजवळ उभी राहिली नाही. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली.

"ठराव असा आहे," ती म्हणाली. "मला इथं एकटीला करमत नाही. कायदे करायचे म्हणून मी सभा बोलवत नव्हते. तुमचे आवाज ऐकायचे म्हणून बोलवत होते."

ती खुर्चीतच पुढे सरकली.

"मला तुमच्याकडं यायचंय. वसाहतीत मला कोणी जागा द्याल का? तुम्ही हो म्हणालात तर मी निघते. आणि मी निघाले की राखणदार उरत नाही, तेव्हा जोळ संपली आणि तिचा कायदाही संपला असं धरावं. हा माझा ठराव."

हरेशदादांची छाया काहीतरी म्हणणार असल्यासारखा एक खरखर आवाज आला आणि थांबला. कल्पनाकाकूंचा दिवा हिरवा झाला, विझला, आणि पिवळा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग खालची रांग. दर्शना बघत राहिली. सहा वर्षांत तिने पिवळा दिवा पाहिला नव्हता. हळदीच्या पाण्यात कापड बुडवावं तशी भिंत कडेकडेने रंगत गेली. सर्वांत शेवटी विनिताचा दिवा पिवळा झाला. एकही आवाज उरला नाही. इतकी शांतता त्या सभागृहात लोक उठून गेल्यापासूनही कधी झाली नव्हती, कारण याआधी तिला नेहमी वाटायचं की बटण दाबलं की ते बोलतील.

आता कुठेतरी महामार्गापलीकडे फोन वाजत असतील. मुका करून ठेवलेला निरोप नव्हे. ज्याचा-त्याचा स्वतःचा आवाज त्याला विचारत असेल, मला माहीत नाही, तूच सांग.

बराच वेळ काही झालं नाही. तिने पदराने तोंड पुसलं. उठून खिडकी उघडली, पुन्हा येऊन बसली.

पहिला दिवा लाल झाला. वरच्या रांगेतला, बाबूरावच्या मुलाचा. दर्शनाला हसू आलं: खारकोंडात कोणीतरी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने नाही म्हटलं होतं, आणि तो खरा माणूस होता. मग एक हिरवा. दोन हिरवे. कल्पनाकाकू हिरव्या. एक लाल. काही दिवे बराच वेळ पिवळे राहून हिरवे झाले. कोणीतरी घरात विचारून आलं असेल, खोल्या मोजल्या असतील. हरेशदादा आधी लाल झाले. मग थोड्या वेळाने, कोणी खडसावल्यासारखे, हिरवे झाले.

"ठराव मंजूर," यंत्राने सांगितलं. "खारकोंड ग्रामसभेनं कायदा केला आहे. जोळीचा कायदा रद्द."

घरं वाचली होती. दर्शनाने डोळे मिटून श्वास सोडला. उघडले तेव्हा भिंतीवर एक दिवा अजून पिवळा होता.

सभा संपली होती, त्या दिव्याने आता काही बदलणार नव्हतं. तरी ती उठली नाही. ऊन खिडकीतून आत आलं, खुर्च्यांवरून सरकलं. खाडीची भरती चढत गेली, खांडीतून पाणी आत येण्याचा आवाज इथपर्यंत येत होता. दिवा पिवळाच राहिला.

मांडीवरचा फोन वाजला.

"हॅलो," दर्शना म्हणाली.

पलीकडून आवाज आला. ओळखीचा, पण जाडसर झालेला, शब्दाच्या शेवटी वर न जाणारा.

"माझ्याच आवाजात मला विचारत होती ती. ताईला घ्यायचं का म्हणून. मी म्हटलं, हे काय मशीनला सांगायचं असतं? दिवा लावून?"

दर्शनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिवशी दारात आली नाहीस तू."

"नाही आले."

"हौद्यात उभी होते मी. वळणापर्यंत."

"माहितेय, विनू. कडीला हात लावून उभी होते. आतून."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. कोणीतरी नळ सोडला, भांडं आपटलं, आणि विनिता फोन बाजूला धरून कोणावर तरी ओरडली.

"थांब," ती परत येऊन म्हणाली, "गॅस बंद करून येते. ठेवू नको फोन. ऐकतेस ना? ठेवू नको."

"नाही ठेवत," दर्शना म्हणाली.

तिने फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडच्या घरात शिट्टी विरत होती, नळ वाहत होता, कोणीतरी विचारत होतं कोणाचा फोन आहे, आणि कोणीतरी सांगत होतं.